दहा म्हणजे किती

"शून्य ते दहामध्ये सांगा काका, किती दुखतंय?" असं सिस्टरनं विचारलं तेव्हा मी तिलाच उलट विचारलं, "दहा म्हणजे किती?" ती हसली. तिला वाटलं, म्हातारा शुद्धीवर आला आणि लगेच थट्टेवर आला. थट्टा कसली डोंबलाची! छत्तीस वर्षं मी प्रेशरचे मीटर तपासतोय. बॉयलरवरून, गॅसच्या टाक्यांवरून, पंपांवरून काढलेले गोल तबकडीचे मीटर माझ्या टेबलावर येतात आणि मी आधी त्यांचं शून्य बघतो, मग वरचं टोक. शून्य कुठे आणि दहा कुठे हे ठरल्याशिवाय मधला आकडा सांगायचा म्हणजे नुसत्या थापा. वर्कशॉपमध्ये मला पाठीमागे 'शून्यशेठ' म्हणतात, हल्ली तोंडावरही म्हणतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही. "दहा म्हणजे," सिस्टर पेन उघडत म्हणाली, "तुम्ही कल्पना करू शकाल असं सगळ्यात भयंकर दुखणं." तिथेच सगळा घोळ झाला. बाकीच्या लोकांना कल्पना करावी लागत असेल. मला करायची गरज नव्हती. दहा म्हणजे किती हे मला चांगलं ठाऊक होतं, मी ते शेजारच्या खोलीत बसून ऐकलं होतं. "शून्य," मी म्हणालो. तिनं शून्य लिहिलं, आणि त्या दिवशी ते खरंही होतं.

मंगळवारी माझ्या मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा कापून काढला आणि उरलेली दोन टोकं जोडली. तुकड्यात गाठ होती, गाठीत कॅन्सर. ऑपरेशनच्या आधी भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी मला टेबलावर पाय सोडून बसवलं, उशी पोटाशी धरायला लावली, पाठ बाहेर काढायला सांगितली आणि मणक्यांच्या मधून दोऱ्याएवढी बारीक नळी आत सरकवली. नळी पाठीवरून चिकटपट्टीनं खांद्यापर्यंत आणलेली, तिथून एका छोट्या पंपाला जोडलेली, आणि पंप थेंब थेंब औषध सोडत राहणार. पोट बधिर, डोकं जागं. बाई वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण बोलणं सासूसारखं. "खरा आकडा सांगायचा," त्यांनी बजावलं. "सोसणाऱ्याला इथे बक्षीस नाही. दुखलं की तुम्ही खोकणार नाही, खोकला नाहीत की छाती भरणार, आणि मग पोटाचं राहील बाजूला, न्यूमोनियानं जाल." ही शेजारीच उभी होती. ही म्हणजे माझी बायको. "ह्यांना चांगलं दरडावून सांगा डॉक्टर," ती म्हणाली. "ह्यांच्या घरात दुखतं असा शब्दच नाही. ह्यांच्याकडे फक्त 'जरा' असतं." खोटं नव्हतं ते. आमच्या घरी हात मोडला तरी जरा लागलंय, ताप चढला तरी जरा कणकण आहे. पाच महिने मला शौचाला रक्त जात होतं आणि मी हिला सांगत होतो, जरा मूळव्याध आहे. शेवटी हिनं मला अक्षरशः हाताला धरून डॉक्टरपुढे बसवलं. हे 'जरा' बाबांचं. त्यांनी ते कुठून आणलं कोण जाणे, पण मी ते त्यांच्याकडून जसंच्या तसं घेतलं, नाकाबरोबर आणि टकलाबरोबर.

बुधवार मजेत गेला म्हटलं तरी चालेल. सिस्टर दर काही तासांनी बर्फाचा तुकडा घेऊन यायची आणि छातीपासून खाली टेकवत न्यायची. "गार लागतंय?" लागतंय. "इथे?" लागतंय. "इथे?" नाही. बोट टेकल्याचं कळतं, गारवा कळत नाही. छातीच्या खालून मांड्यांपर्यंत माझा एवढा मोठा भाग कुणीतरी रिकामा करून घेतला होता, भाडेकरू हलवावेत तसा, आणि मला त्या रिकाम्या जागेचीच भीती वाटायला लागली. रिकामी जागा रिकामी राहत नाही हा आपला अनुभव. पाय जड झाले होते. चादरीखाली दोन पाय दिसत होते, ते माझेच हे ताडून बघायचं. दुपारी मी असाच बघत पडलो होतो आणि उजवा पाय हलला. मी हलवला नव्हता. टाच जागेवरच, चवडा हळूच पुढे गेला, दाबला गेला, थांबला, सुटला. पुन्हा पुढे, पुन्हा दाब. ती हालचाल मी ओळखत होतो. तो पाय ब्रेक दाबत होता.

बाबा बस चालवायचे. सत्तावीस वर्षं एकच गाव, तेच रस्ते, तेच थांबे. घरी जेवायला बसले तरी बोलता बोलता उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा, आणि आई म्हणायची, "अहो, स्वयंपाकघर आहे हे, सिग्नल नव्हे." त्यांनाही हाच आजार झाला. तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते, मी एकोणीसचा. पोट उघडलं, बघितलं आणि पुन्हा शिवून घरी पाठवलं. पुढच्या खोलीत त्यांची लोखंडी खाट होती, तिच्या पायथ्याला एक आडवा गज होता, आणि गजाच्या एका टोकाचा नट पडलेला होता. कळ आली की बाबा ओरडत नसत. ब्रेक दाबत. उजवा चवडा गजावर जाई, गज खिळखिळा हले आणि आवाज येई, खट्. कळ मोठी असली की एकच लांब दाब, आणि सोडताना खट्. लहान असली की खट्, खट्, खट्, उतारावर बस हळू करतात तसं. मी आतल्या खोलीत डिप्लोमाच्या परीक्षेचा अभ्यास करत असे, आणि ते खट् मोजत असे. न मोजता येईना. आईनं विचारलं तर ते म्हणायचे, "जरा आहे." माझ्याकडे मात्र खटांचा हिशेब असायचा, आणि मी तो कुणाला सांगितला नाही.

"सिस्टर, माझा पाय आपोआप हलतोय," मी बुधवारी सांगितलं. तिनं पाय उचलायला लावले, गुडघे वाकवायला लावले, कुणालातरी फोन केला आणि पंपाचा वेग थोडा कमी केला. "औषध जरा जास्त खाली उतरलंय," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत पाय तुमचे तुम्हाला परत." झालंही तसंच. पाय परत आले. पण गेले होते ते एकटे, आणि परत आले ते एकटे नव्हते. उजव्या पायात कुणीतरी बसून होतं. हे असलं मी सिस्टरला सांगणार होतो होय? तिनं तेही कागदावर लिहून घेतलं असतं.

गुरुवारी सकाळी त्यांनी मला उठवून खुर्चीत बसवलं. दोघीजणी धरायला, शिवाय एक वॉर्डबॉय नळ्या आणि पिशव्या सांभाळायला, अशी माझी वरात निघाली. खुर्चीत टेकताना पाठीवरची पट्टी खुर्चीच्या कडेला अडकली आणि ओढली गेली. अगदी थोडी. आत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, एखाद्या नळीवरून रबरी वॉशर निसटावा तसं. मी खुर्चीचे हात धरून नीट बसलो. अर्ध्या तासानं मला परत झोपवलं आणि तासाभरात जखम बोलायला लागली. आधी नाभीच्या डावीकडे, मग वरून खालपर्यंत सगळा चिरा. चिरा नव्हे, टाके नव्हेत, त्यांच्याही आत, जिथे दोन टोकं जोडली होती तिथे कुणीतरी मूठ आवळत होतं आणि सोडत होतं. श्वास छातीच्या वरच्या वरच अडायला लागला. पाठीखाली चादर ओली लागत होती. मी म्हटलं, घाम असेल. शेजारी पंप हिरवा दिवा लावून चालूच होता, आकडा बरोबर दाखवत होता. आता हसावं की रडावं! छत्तीस वर्षं मी शिकाऊ पोरांना एकच गोष्ट घोकून घेतोय, की बाबांनो, पंपापाशी लावलेला मीटर पंपापाशी काय निघालं ते सांगतो, टोकाला काय पोचलं ते सांगत नाही. आणि तोच मी हिरव्या दिव्याकडे बघून स्वतःला समजावत होतो, की औषध चालू आहे, वेग कालच कमी केलाय, एवढं दुखणारच.

दहा वाजता सिस्टर आली. "किती काका?" मी हिशेब केला. माझ्या धंद्यात एक मास्टर असतो. तो कपाटात कुलूपबंद ठेवतात, कुठल्याही कामाला जोडत नाहीत, फक्त बाकीचे मीटर त्याच्याशी ताडून बघायचे. माझा मास्टर बाबा होते. तो लांब दाब आणि शेवटचं खट्, ते दहा. त्या मापानं माझं हे किती? मला चार दिवसांत घरी पाठवणार होते, त्यांना घरी पाठवलं होतं ते मरायला. मला पंप होता, बर्फ होता, तीन सिस्टर होत्या. त्यांना काय होतं? मी होतो. "तीन," मी म्हणालो. तिनं तीन लिहिलं. बारा वाजता पुन्हा तीन. दोन वाजता माझ्या तोंडाला कोरड पडली होती, हातांनी पलंगाच्या दोन्ही कडा पकडलेल्या होत्या, आणि तरी आतून जो आवाज आला तो तीनच म्हणाला. मी सोसत नव्हतो, शपथेवर सांगतो. शौर्य वगैरे माझ्या गावीही नाही, इंजेक्शन बघून मान फिरवणारा माणूस मी. पण त्या आकड्याच्या वर मी चढलो तर बाबांच्या जागेवर जाऊन बसेन असं वाटत होतं, आणि ती जागा मागण्याचं तोंड मला नव्हतं.

अडीच वाजता छातीच्या व्यायामाच्या बाई आल्या. पोटाशी उशी दिली आणि म्हणाल्या, "घट्ट धरा आणि खोका." मी घसा खाकरला. "हे खोकणं नव्हे, हे सभेत लक्ष वेधून घेणं झालं. पोटातून खोका." मी श्वास घेतला तो मूठभरच आत गेला, पुढे दारच लागलेलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं. बाईंनी माझ्या बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्याकडे पाहिलं. सकाळी तिथे शहाण्णव होते, आता एक्क्याण्णव. ताप शंभरच्या वर गेलेला. त्यांनी सर्जनना बोलावलं. सर्जन म्हणजे मोजून बोलणारा माणूस, पाठीला स्टेथोस्कोप लावून छाती ऐकली आणि म्हणाले, "डाव्या बाजूला खालची हवा आत जात नाहीये. उद्या सकाळपर्यंत तुम्ही नीट खोकला नाहीत तर मला तुम्हाला खाली आयसीयूत न्यावं लागेल, श्वासाच्या मशीनवर. आतडं आत्ताच जोडलंय, त्याला हे झेपायचं नाही. दुखतंय का?" "जरा," मी म्हणालो. त्यांनी कागद बघितला. तीन, तीन, तीन. "तीनला तर खोकता यायला हवं," ते म्हणाले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. कागद बरोबर होता, पंप बरोबर होता, फक्त माणूस बुडत होता. ते दुसऱ्या खोलीत छातीचा एक्स-रे मागवायला गेले.

माझा पाय केव्हा सुरू झाला ते मला कळलंच नाही. समोरच्या पलंगावर पित्ताशय काढलेले एक मास्तर होते, सारखं वर्तमानपत्र वाचायचे, जाहिरातींसकट. त्यांचं वर्तमानपत्र खाली आलं तेव्हा मला कळलं, की आवाज येतोय. हॉस्पिटलच्या पलंगाला पायथ्याशी एक दांडी असते, तिला कागदांची पाटी अडकवतात. माझा उजवा चवडा त्या दांडीवर होता. टक्. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं, कागद वर केला. पुन्हा मूठ आवळली, पुन्हा टक्, पुन्हा कागद खाली. मी पाय आवरायला गेलो. आवरेना. जे माझ्या मेंदूत एकोणचाळीस वर्षं कुलपात होतं ते माझ्या पायाला कुणी शिकवलं? मी डोळे मिटले तर खोली बदलली. लोखंडी खाट, पडलेला नट, आणि दुपारचं ऊन भिंतीवर.

तो रविवार होता आणि सोमवारी माझा पेपर होता, मापनयंत्रांचाच. आई तिच्या बहिणीकडे गेली होती, कधी नव्हे ती दोन तासांसाठी, मीच म्हटलं होतं जा म्हणून. आमचे डॉक्टरकाका दवाखान्यात जाता जाता चार वाजता येऊन जात. बाबांचं जास्त असलं की ते चिठ्ठी लिहून देत, ती घेऊन मी मोठ्या हॉस्पिटलात जायचं, शिक्का मारून एक इंजेक्शन आणायचं, जायला तास, यायला तास. मग काका येऊन ते टोचणार, आणि पुढे दोन-तीन तास मी बाबांच्या उशाशी बसून त्यांचे श्वास मोजायचे. म्हणजे संध्याकाळ गेलीच. त्या दिवशी सकाळपासून लांब दाब चालले होते. खट्. माझी दोन प्रकरणं राहिली होती. खट्. चार वाजता काकांची सायकल वाजली आणि मी पळत जाऊन दारात उभा राहिलो. दोन्ही हात चौकटीला लावून. काकांनी विचारलं, "काय म्हणतायत?" मी म्हटलं, "आज जरा बरं आहे काका. आत्ताच डोळा लागलाय." काकांनी माझ्या खांद्यावरून आत बघायचा प्रयत्न केला नाही. चांगला मुलगा होतो मी, सगळे म्हणायचे. ते म्हणाले, "मग नको उठवू," आणि सायकल वळवून गेले. मी मागे वळलो तर बाबा जागे होते, माझ्याकडेच बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. एवढा वेळ त्यांनी पाय रोखून धरला होता, काका जाईपर्यंत, मी खोटा पडू नये म्हणून. मग सोडला. खट्.

मी आत गेलो. पुस्तक उघडलं. आवाज येत राहिला. कपाटात पान्हा होता, नट होता, पाच मिनिटांचं काम. पण नट आवळायचा तर त्यांच्या पायाशी बसावं लागलं असतं आणि वर बघावं लागलं असतं. म्हणून मी दोरीवरचा टॉवेल ओढला, पिवळा, लाल काठाचा, आणि मान खाली घालून गजाला दोन वेढे देऊन गाठ मारली. आवाज बंद झाला. पाय चालूच राहिला. बाबा म्हणाले, "आता होईल तुझा अभ्यास." त्यात टोमणा नव्हता हो, हेच तर आहे. टोमणा असता तर मी एव्हाना तो पचवला असता. संध्याकाळी आई आली, तिनं टॉवेल बघितला आणि तिचे डोळे भरून आले. "पोरानं बापाच्या पायाला लागू नये म्हणून केवढी काळजी घेतली," असं तिनं शेजारी सांगितलं, मावशीला सांगितलं, पुढे हिला सांगितलं, माझ्या मुलीला सांगितलं. बाबा अकरा दिवसांनी गेले. मला पहिला वर्ग मिळाला. आई मरेपर्यंत तो टॉवेल सांगत राहिली, आणि मी प्रत्येक वेळी खोलीतून उठून जायचो, तर म्हणायची, "बघा, अजून त्याला सोसवत नाही."

"काय हो, पाय का आपटताय?" मी डोळे उघडले. ही आली होती, खांद्याला पिशवी, हातात थर्मास. "मी नाही आपटत," मी म्हणालो. "मग कोण आपटतंय?" मी बाबा म्हणणार होतो, ओठ मिटून घेतले. हिनं पायथ्याशी जाऊन चादर वर केली, माझा चवडा हातात घेतला. "अगंबाई, लाल झालाय की. इकडे लोखंड, तिकडे हाड." आणि तिनं पिशवीतून टॉवेल काढला. आमच्या घरचा निळा, अंग पुसायचा. दांडीला एक वेढा दिला, दुसरा दिला. "आई सांगायच्या ना, तुम्ही बाबांच्या खाटेला गुंडाळला होता. आता माझी पाळी," ती गाठ मारताना म्हणाली. तिनं माझ्या पायावर हात फिरवला, मग थर्मास उघडायला वळली, पाठ माझ्याकडे.

मूठ आवळली. आतापर्यंतची सगळ्यात मोठी. माझा पाय गेला दांडीवर, मी सगळं अंग त्या चवड्यात घातलं, दाबलं, दाबून धरलं. काही नाही. मास्तरांचं वर्तमानपत्र हललं नाही. ही कपात काहीतरी ओतत होती आणि मुलीच्या फोनबद्दल सांगत होती. पंपाचा दिवा हिरवा होता. चार माणसांच्या खोलीत भर दुपारी मी मरत होतो आणि कुणाला पत्ता नव्हता, कारण ते टॉवेलात जिरत होतं. तेव्हा कळलं मला, की मी काय केलं होतं. ऐकलं ते दहा नव्हतंच. ऐकलं ते ऐकू येत होतं तोपर्यंतचं होतं. माझा मास्टर माझ्याकडे कधी नव्हताच, मी त्याच्यावरच टॉवेल बांधला होता. मग कशाच्या मापानं मी सकाळपासून तीन तीन म्हणत होतो?

"काढ तो," मी म्हणालो. "अगं, काढ."

ती वळली. "अहो, लागेल पायाला."

"बाबांच्या पायासाठी नव्हता तो." श्वास तुटत होता, एकेक शब्द सुटा पडत होता. "मला ऐकायचं नव्हतं. म्हणून. काका दारात आलेले. मी सांगितलं, बरं आहे. बरं नव्हतं." हिच्या हातातला कप तसाच राहिला. "सिस्टरला बोलव. मी सकाळपासून खोटं सांगतोय."

तिनं कप ठेवला आणि पळाली. बावीस वर्षांपूर्वी मुलगी झोक्यावरून पडली तेव्हा पळाली होती, त्यानंतर आत्ताच. सिस्टर आली, कागद हातात, "काय काका?" आणि माझ्या तोंडात सवयीनं तीनचा 'ती' आलाच. मी तो गिळला. "नऊ," मी म्हणालो. "दोन वाजता तीन होते ना हो!" "दोन वाजताही नऊच होते." तिनं हिच्या मदतीनं मला कुशीवर वळवलं आणि म्हणाली, "अरे देवा." चादर पाठीखाली ओलीचिंब होती. नळी पट्टीतून निघून बाहेर लोंबत होती आणि सकाळपासून सगळं औषध गादी पीत होती. गादीला काहीच दुखलं नसेल दिवसभर.

पुढचं भराभर झालं. भुलीच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या, शिरेतून काहीतरी दिलं, मला बसवून पाठीत नवी नळी घातली, आणि हे करता करता मला झापलं. "शिकलेले दिसता तुम्ही," त्या म्हणाल्या. "काय काम करता?" मी म्हणालो, "मीटरची चूक काढतो." त्या हसल्या नाहीत, सिस्टर मात्र हसली. पंधरा मिनिटांत मूठ सैल पडायला लागली, बोट बोट करून. मग व्यायामाच्या बाईंनी उशी दिली आणि मी खोकलो. पोटातून. कफाचा हिरवट गोळा बाहेर पडला, मास्तरांनी वर्तमानपत्र नाकावर धरलं. पुन्हा खोकलो. चिमट्यावर त्र्याण्णव, मग पंचाण्णव. सर्जन येऊन छाती ऐकून गेले आणि जाताना म्हणाले, "आता असंच चालू ठेवा, मशीनची गरज पडणार नाही." सगळे गेले, आणि आम्ही दोघं राहिलो.

ती पायथ्याशी उभी होती. गाठ सोडवत होती. ओढून घट्ट बसली होती, नखांनी सोडवावी लागली. टॉवेल हातात घेऊन तिनं विचारलं, "आईंना माहीत होतं?" "नाही." "आणि बाबांना?" "बाबांना होतं." तीस वर्षं तिनं तो टॉवेल माझ्यातला सगळ्यात चांगला गुण म्हणून सांभाळला होता, आमच्या भांडणांत तो माझ्या बाजूनं उभा राहायचा, आणि आता मी तो तिच्याकडून काढून घेतला होता. ती रागावेल असं मला वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं टॉवेलची घडी घातली, पिशवीत कोंबली, भिंतीकडचं स्टूल ओढून माझ्या पायांजवळ आणलं आणि बसली. उघड्या दांडीवर हात ठेवला. "दुखलं की वाजवा," ती म्हणाली. "मी इथेच आहे."

पाच वाजता सिस्टर आली. "आता किती काका? नीट विचार करून सांगा हं." मी नीट विचार केला. आधी शून्य बघितलं. चादरीखाली दोन पाय होते, दोन्ही माझे, दोन्ही स्वस्थ. "माझं दोन," मी म्हणालो. सिस्टरनं दोन लिहिलं आणि शेजारच्या पलंगाकडे वळली. ही वळली नाही. तिनं माझ्या उजव्या पायावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "आणि बाबांचं?"

मला दार दिसलं, चौकटीला लावलेले माझे दोन हात दिसले, आणि बाहेर सायकल धरून उभे असलेले काका.

"दहा," मी म्हणालो, आणि दारातून बाजूला झालो.